रेडिओ क्लबची ओळख पुराच्या आधी व्हावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की खानदेशातील तिन्ही जिल्ह्यांत आपत्ती निवारणाच्या बैठका सुरू होतात, नदीकाठच्या गावांच्या याद्या निघतात, पट्टीच्या पोहणाऱ्यांची नावे लिहून घेतली जातात, आणि पुढे तापीवरच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी आज किती उघडले याची बातमी रोज सकाळी चहाबरोबर वाचायला मिळते. या सगळ्या तयारीत एक दुवा दरवर्षी सुटतो. तो म्हणजे हौशी रेडिओचालक, सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या बिनतारी सेटवरून एकमेकांशी बोलणारे, ज्यांना लोक हॅम म्हणून ओळखतात. भुसावळ परिसरात आमचा असा एक लहानसा क्लब आहे आणि त्याचा चिटणीस या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. दुवा सुटल्याचे खापर प्रशासनावर फोडावे, असा मात्र माझा हेतू नाही. निम्मा दोष आमचा आहे आणि तो आधी कबूल करतो.

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाळीसगावच्या डोंगरपट्ट्यात प्रचंड पाऊस झाला. तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी शहरात शिरले, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, गोठ्यातली जनावरे दावणीसह वाहून गेली. आमच्या क्लबचे एक सभासद त्याच भागात राहतात. त्यांच्याकडे परवाना होता, सेट होता, गच्चीवर अँटेनाची तारही बांधलेली होती. इकडे भुसावळ-जळगावला आमच्यापैकी तिघांकडे तशीच सामग्री होती. असे असूनही त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याशी आमचा एका शब्दाचाही संपर्क झाला नाही. वीज गेलेली होती आणि त्यांच्या बॅटरीत जीव नव्हता, कारण सहा महिन्यांत ती एकदाही चार्ज केलेली नव्हती. आम्ही ज्या सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, म्हणजे रेडिओलहरींच्या कंप्रतांच्या टप्प्यावर, त्यांना हाका मारत बसलो, तो पट्टा रात्री इतक्या जवळच्या अंतराला उपयोगी पडत नाही. त्यावरचा आवाज जवळच्या गावांच्या डोक्यावरून जाऊन कुठल्या कुठे उतरतो. हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते, तरी रात्रीच्या पट्ट्याची लांब तार कोणीच बांधून ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मोबाईल लागला तेव्हा त्यांनी खुशाली सांगण्याआधी विचारले, ‘मग आपला परवाना कशासाठी?’

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही गेली काही वर्षे जे करीत आहोत, ते वाचकांपुढे आणि आपल्यामार्फत प्रशासनापुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

हौशी रेडिओ म्हणजे एफएम केंद्र नव्हे आणि सामुदायिक रेडिओही नव्हे. येथे कार्यक्रम प्रसारित होत नाही, जाहिरात होत नाही, गाणी लावता येत नाहीत, व्यापाराचे निरोपही देता येत नाहीत. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्याने परवाना मिळविला आहे, त्याला ठरवून दिलेल्या पट्ट्यांवर इतर परवानाधारकांशी बोलता येते, स्वतः सेट जोडता येतात, प्रयोग करता येतात. १९७८ साली या सेवेसाठी स्वतंत्र नियम झाले. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींनाही परीक्षेला बसता येते. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघांची लिपी, यावा लागतो, खालच्या श्रेणीला त्याची अट नाही. प्रत्येकाला एक संकेतनाम मिळते आणि बोलताना ते सांगणे बंधनकारक असते, त्यामुळे टोपणनावाआड लपून काहीबाही बोलण्याची सोय या माध्यमात नाही. सध्याच्या दिवसांत हा मला त्याचा मोठाच गुण वाटतो.

मी स्वतः रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तारेचे कडकट्ट ऐकत नोकरी सुरू केली. १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली, त्या सुमारास माझी मोर्सची पितळी किल्ली कपाटात जी गेली ती क्लबमुळेच पुन्हा बाहेर निघाली. आमच्या सभासदांत दोन शिक्षक आहेत, एक केळीउत्पादक आहेत, एक मोटार वायंडिंगचे दुकान चालवितात, एक गृहिणी आहेत, आणि महाविद्यालयीन विद्यार्थी दरवर्षी येतात-जातात. परवानाधारकांची संख्या दोन आकडी आहे, पण जेमतेम.

चाळीसगावच्या त्या रात्रीनंतर आम्ही एकच नियम केला. दर रविवारी सकाळी आठ वाजता, पाऊस असो, लग्नसराई असो की पंचेचाळीस अंशांचा मे महिना असो, प्रत्येकाने घरची वीज न वापरता केवळ बॅटरीवर सेट लावून हजेरी द्यायची. आमच्या भाषेत याला ‘नेट’ म्हणतात. एक जण नेट चालवितो, एकेकाचे संकेतनाम पुकारतो, ज्याचे नाव येईल त्याने आवाज कसा येतो ते सांगायचे आणि एक निरोप द्यायचा किंवा घ्यायचा. मधे कोणी बोलायचे नाही. ऐकायला हे अतिशय नीरस वाटते आणि खरोखर ते नीरस असतेही. पहिल्या महिन्यात आमचे निम्मे सभासद गळाले. पण निरोप देणे आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांना या नीरसपणात उमगले ते टिकले.

एक उदाहरण देतो. सरावासाठी एका सभासदाने निरोप दिला की निंभोऱ्याच्या शाळेत ६७ माणसे हलविली आहेत, त्यांपैकी ९ आजारी आहेत, पिण्याचे पाणी संध्याकाळपर्यंत पुरेल. पलीकडच्याने वहीत लिहिले, ‘६८ माणसे’. सदुसष्ट आणि अडुसष्ट यांत सरसरणाऱ्या आवाजात फरक तो काय ऐकू येणार! मराठीच्या आकड्यांची ही गंमत कागदावर कळत नाही. पंचेचाळीस, पंचावन्न आणि पंचाहत्तर, किंवा एकोणसाठ आणि एकोणसत्तर, हे रेडिओवर एकाच आईची लेकरे वाटतात. तेव्हापासून आकडा सुटा सांगायचा, ‘सहा-सात’, आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, असे ठरले. रेल्वेत हे नवे नाही. दोन स्टेशनमास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात तेव्हा समोरच्याने तो परत म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. ती सवय मी रेल्वेतून सोबत आणली. दुसरी चूक त्याहून मोठी होती. निंभोरा भुसावळजवळ आहे आणि रावेर तालुक्यातही आहे. निरोप देणाऱ्याच्या मनात रावेरचे होते, घेणाऱ्याने भुसावळचे लिहून घेतले. खऱ्या पुरात पाण्याचा टँकर वीस-पंचवीस किलोमीटर भलतीकडे गेला असता. म्हणून आता गावासोबत तालुका, आणि असेल तेथे बुद्रुक की खुर्द, हे सांगितल्याखेरीज आम्ही निरोप स्वीकारतच नाही.

संकेतनामे आंतरराष्ट्रीय पद्धतीने, म्हणजे अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशीच उच्चारावी लागतात, आणि व्हीयूने सुरू होणारी आपली भारतीय संकेतनामे व्हिक्टर युनिफॉर्म म्हणून जगभर ओळखली जातात. पण माणसांची आणि पाड्यांची मराठी नावे त्या पद्धतीने सांगू गेल्यास घोळ वाढतो, कारण ब आणि भ, ड आणि ढ यांच्यासाठी इंग्रजी अक्षरांत सोयच नाही. यावर आमच्या गृहिणी सभासदांनी तोडगा काढला. त्या सरळ पहिलीच्या पुस्तकातले शब्द वापरतात: ब बदकाचा, भ भटजीचा, ड डब्याचा, ढ ढगाचा. सुरुवातीला आम्ही हसलो. आज आमचा प्रत्येक निरोप असाच जातो.

निरोपाचा एक छापील कागदही आम्ही तयार केला आहे. क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला, मजकूर, मजकुरातील शब्दांची संख्या, आणि खाली घेणाऱ्याचे संकेतनाम. शब्दांची संख्या कशासाठी, असे नवे सभासद विचारतात. जुन्या तारमास्तरांना विचारावे. शब्द मोजले की एखादा गळाला आहे का ते लगेच समजते, आणि ‘नाही’ हा एक शब्द गळाला तर निरोपाचा अर्थ उलटा होतो.

आता भूगोलाकडे वळतो, कारण आमची खरी अडचण तेथे आहे आणि प्रशासनाकडे आमचे मागणेही त्याच संदर्भात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे तापीचे सपाट खोरे, अशी आपली रचना. दोन माणसे हातात छोटे सेट घेऊन सपाट रानात उभी राहिली, तर त्यांच्या लहरी सरळ रेषेत जात असल्याने दहाएक किलोमीटरपलीकडे क्षितिजच आडवे येते. घरे, टेकड्या आणि दाट झाडी यांमुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पण मैदानापासून ३०० मीटर उंच असलेल्या एखाद्या टेकडीवर अँटेना लावली, तर तिचे रेडिओ क्षितिज सुमारे ७० किलोमीटरवर जाते. यावल-रावेरच्या उत्तरेच्या डोंगरावर असा एक रिपीटर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ अंतरावरील दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलणारे यंत्र, दूरसंचार विभागाच्या परवानगीने बसविता आले, तर भुसावळ, जळगाव, फैजपूर, सावदा, रावेर ही सगळी गावे हातातल्या पाच वॅटच्या सेटवर एकमेकांना ऐकू शकतील.

नंदुरबारकडचा प्रश्न निराळा आहे. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या दऱ्याखोऱ्यांत असे कितीतरी पाडे आहेत जेथे पावसाळ्यातच काय, उन्हाळ्यातही मोबाईलचा आवाज यायला टेकडी चढावी लागते. एका रिपीटरने त्या दऱ्या भरून निघणार नाहीत. तेथे जुनीच युक्ती चालते. सात मेगाहर्ट्झसाठी सुमारे वीस मीटर लांबीची तांब्याची तार मधोमध तोडायची, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचे हात करायचे आणि ती मुद्दाम फार उंच न नेता कडुनिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चार-पाच मीटरवरच ताणायची. मग लहरी क्षितिजाकडे न जाता जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि दोनशे-तीनशे किलोमीटरच्या परिसरात छत्रीसारख्या खाली उतरतात. मधे सातपुडा असला काय आणि नसला काय. दिवसा हा मार्ग बहुधा साथ देतो. रात्री साडेतीन मेगाहर्ट्झवर यावे लागते आणि तार दुप्पट लांब करावी लागते, जी त्या चाळीसगावच्या रात्री आमच्याकडे नव्हती. आता ती पाच सभासदांच्या घरी गुंडाळून, शिक्का मारून ठेवलेली आहे. एकांच्या गच्चीवर ती सरावासाठी चढते तेव्हा नेमके बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असतात आणि आधी कोणाचे काम महत्त्वाचे, यावर घरात चर्चा होते. निकाल बहुतेक बिबड्यांच्या बाजूने लागतो.

रिपीटरच्या जागेसाठी आम्ही काय केले, तेही सांगणे भाग आहे. सरावासाठी आधी गावातल्याच एका उंच इमारतीची गच्ची मिळावी, म्हणून आम्ही एका कार्यालयाकडे अर्ज केला. आमची गरज होती ती एक नऊ फुटांचा पाइप उभा करण्यापुरत्या जागेची, पत्र्याच्या ट्रंकेएवढ्या पेटीची आणि एखाद्या पंख्याला लागेल इतक्या विजेची. अर्जात ‘अँटेना’ हा शब्द वाचून पहिल्या टेबलावर विचारणा झाली की मोबाईल कंपनी भाडे किती देणार. कंपनी नाही, आम्ही हौशी लोक आहोत, असे सांगितल्यावर दुसऱ्या टेबलावर शंका निघाली की मग हौसेसाठी सरकारी गच्ची कशाला. तिसऱ्या टेबलावर किरणोत्सर्गाचा विषय निघाला. अर्ज अजून तेथेच आहे. त्या मंडळींना मी दोष देत नाही. आमच्यासारख्यांचे काय करायचे, हे त्यांच्यासमोरच्या कोणत्याही कागदावर लिहिलेलेच नाही.

माझे म्हणणे आहे ते नेमके येथे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते, जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करावा लागतो आणि त्याचे दरवर्षी पुनरीक्षण करावे लागते. त्या आराखड्यात परवानाधारक हौशी रेडिओचालकांची तालुकावार नोंद व्हावी, नियंत्रण कक्षात आमच्यापैकी एकाने कोठे बसायचे आणि कोणाच्या सहीचा निरोप पाठवायचा हे त्यात लिहिले जावे, आणि वर्षातून निदान दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा कोणतीही पूर्वसूचना न देता, तो निरोप खरोखर पाठवून पाहावा. असे झाले तर गच्चीचा अर्ज कोणत्या टेबलावर न्यायचा हा प्रश्नही आपोआप सुटेल. यासाठी शासनाने आम्हाला पैसा देण्याची गरज नाही. सेट आमचे, बॅटऱ्या आमच्या, पेट्रोलही आमचे.

पोलिसांची स्वतःची बिनतारी यंत्रणा आहे आणि ती आमच्यापेक्षा कितीतरी पटींनी सुसज्ज आहे. तिची जागा आम्ही घेऊ, असे आमच्यातील कोणी म्हणत असेल तर तो नवखा समजावा. पण पुरात पोलिसांच्या वाहिनीवर पोलिसांचीच कामे इतकी असतात की ‘अमक्या पाड्यावरची गरोदर बाई सुखरूप आहे, तिच्या माहेरी कळवा’ हा निरोप तेथे घुसविणे योग्यही नसते. असले निरोप कमी तातडीचे असतात, पण कमी महत्त्वाचे नसतात. ते आम्ही वाहू शकतो.

हे काम कसे चालते याचा एक लहानसा अनुभव आम्हाला सारंगखेड्याच्या यात्रेत आला. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणारी ती यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध आहे. गर्दीच्या दिवशी संध्याकाळी मोबाईलला रेंज असते पण फोन लागत नाही, कारण सारेच एकदम बोलू पाहतात. एका वर्षी आमचे सहा जण तेथे सेवेला होते: एक मंदिराजवळ, एक घोडेबाजारात, एक पुलाच्या तोंडाशी, एक वाहनतळावर आणि दोघे ध्वनिक्षेपकाच्या मांडवात. सातच्या सुमारास घोडेबाजारातल्या सभासदाला एक वृद्ध बाई रडताना आढळल्या. त्यांना मराठी नीट येत नव्हते, त्या पावरी ही सातपुड्यातली आदिवासी बोली बोलत होत्या, आणि त्यांना आपल्या पाड्याचे नाव तेवढे सांगता येत होते. वाहनतळावरचे आमचे शिक्षक सभासद धडगाव भागात अनेक वर्षे नोकरी केलेले. रेडिओवरूनच ते त्या बाईंशी पावरीत बोलले. त्यांच्या हातात सेट दिला तेव्हा त्यांनी तो आधी उलटा धरला, मग त्यातून आपली बोली ऐकून रडे थांबवून चक्क हसल्या. कोणत्या गाडीने आल्या, सोबत कोण, गाडीवर काय बांधले होते, हे पाच मिनिटांत कळले, आणि वाहनतळावर ती पिकअप शोधायला आणखी पंधरा मिनिटे लागली. शेजारी उभे असलेले एक आजोबा हे सर्व पाहून मला म्हणाले, ‘ना तार, ना खांब, मंग हाई बोलनं कथाइन येस भो?’ म्हणजे, हे बोलणे येते तरी कुठून? त्यांना आयनांबर समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती.

अशा जत्रा-यात्रांतली सेवा ही मला पुराच्या सरावापेक्षाही मोलाची वाटते, कारण तेथे गोंधळ खरा असतो आणि चुकीची किंमत मात्र थोडी असते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील तुकडी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेली होती ती निव्वळ हौसेखातर, जेथून हॅमचा आवाज क्वचितच येतो अशा त्या बेटाशी जगभरच्या हॅमना बोलता यावे म्हणून. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच सेटांवरून त्यांनी बेटांचे निरोप मुख्य भूमीकडे वाहिले. सेट लावलेले होते, तारा ताणलेल्या होत्या, हात बसलेला होता. हौस म्हणून ज्याची चेष्टा होते ती अशी आधीपासून चालू असावी लागते.

तरुणांविषयी थोडेसे. त्यांना आम्ही पुराच्या गोष्टी सांगून बोलावत नाही. लपलेला ट्रान्समीटर शोधायला बोलावतो. काडेपेटीएवढे एक यंत्र मेणकापडात गुंडाळून केळीच्या बागेच्या बांधावरील एखाद्या बोरीत ठेवून देतो आणि मुलांनी ते दिशा हेरून शोधायचे असते. त्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपावर स्टीलच्या मोजपट्टीचे तीन तुकडे बसवून अँटेना करतात. ज्या दिशेला आवाज सर्वांत मोठा, तिकडे चालायचे. गेल्या खेपेला चौदा वर्षांच्या एका मुलीने ती अँटेना बाजूला ठेवली, सेट छातीशी घट्ट धरून स्वतःभोवती गिरकी घेतली, आवाज जेथे सर्वांत बारीक झाला तेथे थांबली आणि पाठीमागच्या दिशेने चालू लागली, कारण तिचे स्वतःचे शरीरच मधे आडोसा झाले होते. बोर तिनेच गाठली. मी माझी मोजपट्टी घेऊन शेजारच्या शेतात फिरत होतो.

१८ एप्रिलला जागतिक हौशी रेडिओ दिन असतो. त्या निमित्ताने आम्ही एखाद्या शाळेत जातो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे पाठविली जातात. स्थानक डोक्यावरून जायला दहाएक मिनिटे लागतात आणि तेवढ्यात वर्गातल्या लॅपटॉपवर एकेक ओळ सरकत चित्र उमटते. खरखर वाढली की ओळी फिसकटतात आणि मुले श्वास रोखून पाहतात. इस्रोनेही ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा खास हौशी रेडिओसाठीचा उपग्रह सोडला होता आणि तो २०१४ पर्यंत चालला, हे सांगितले की शिक्षकही पुढच्या बाकावर येऊन बसतात.

एवढा उत्साह निर्माण झाल्यावर गाडी अडते ती परीक्षेपाशी. आमच्या आजवरच्या सभासदांनी मुंबई किंवा नागपूर गाठूनच परीक्षा दिली आहे. भुसावळहून दोन्ही शहरे चारशे किलोमीटरच्या आसपास. तासाभराच्या पेपरसाठी रात्रीची गाडी, मुक्काम आणि सोबत एक पालक, हा खर्च केळी मजुराच्या किंवा आश्रमशाळेतल्या मुलाला कसा झेपावा? वर्षातून एकदा तरी जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे ही परीक्षा घेतली जावी, अशी आमची केंद्राच्या संबंधित विभागाला विनंती आहे, आणि खानदेशातील खासदारांनी ती पुढे रेटावी. मागणी क्षुल्लक आहे, म्हणूनच ती राहून जाते.

जाता जाता एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ऑनलाइन बाजारात वॉकी-टॉकी खेळण्यासारखे विकले जातात आणि काही उत्साही मंडळे ते विकत घेऊन ‘आमच्याकडेही हॅम रेडिओ आहे’ असे सांगतात. विनापरवाना वापरता येतील असे सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातले आणि अगदी कमी शक्तीचे असतात. बाकीचे सेट परवान्याविना वापरणे हा गुन्हा आहे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन कंपन्यांना नोटिसाही दिल्या आहेत. फ्रिक्वेन्सी ठाऊक नसताना बटण दाबणारा माणूस एखाद्या पोलीस वा विमानतळाच्या वाहिनीत अडथळा आणू शकतो. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आमच्याकडे यावे. परीक्षेची तयारी आम्ही विनामूल्य करून घेतो, पुस्तके देतो, आणि परवाना मिळेपर्यंत एखाद्या परवानाधारकाशेजारी बसून ऐकण्याची सोयही करतो.

रविवारचा आमचा नेट या पावसाळ्यातही सकाळी आठलाच सुरू होईल. ऐकायला येणाऱ्या नवख्यांना पहिली दहा मिनिटे काही कळणार नाही, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. संकेतनामानंतर प्रत्येक जण नमस्कार-चमत्कार न करता एक आकडा उच्चारतो, तो त्याच्या बॅटरीचा व्होल्टेज असतो, त्यावरून ती किती भरलेली आहे ते कळते. सर्वांत आधी चाळीसगावच्या आमच्या सभासदांना पुकारण्याचा प्रघात आहे. मागच्या रविवारी त्यांनी सांगितले, ‘एक-दोन पॉइंट सहा’.

कळावे,
आपला नम्र,
एका हौशी रेडिओ क्लबचा चिटणीस,
भुसावळ, जि. जळगाव